त्वचेपलीकडील वीज

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंची पांच वर्षांची नात आमचेकडे आली होती. ती जन्मतः बहिरी; परंतु दोन वर्षांची असतांना शस्त्रक्रिया करून तिच्या अंतःकर्णांत ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ नांवाचें यंत्र बसविलें, तेव्हांपासून ती ऐकते व बोलतेही. एके दुपारीं आम्हीं तिला दोनदां हांक मारली. तिनें मान वर केली नाहीं. शिक्षकी पेशाची जुनी खोड; आम्हीं आवाज चढविला. तोंच पुतणसून धांवत आली आणि मुलीच्या केसांत लोंबणारी रुपयाहून थोडी मोठी चकती तिनें कानामागें टेकविली. मुलगी तत्क्षणीं वळून हंसली. आम्ही मात्र ओशाळलों.

चकती निसटतांच मूल बहिरें कां व्हावें? वाचकहो, त्वचेखालच्या त्या यंत्रांत बॅटरी नसते. तार त्वचेंतून बाहेर काढावी, तर त्या छिद्रावाटे जंतु शिरण्याचें भय. म्हणून तारेचें एक वेटोळें बाहेर चकतींत, दुसरें आंत, आणि मध्यें कांहीं मिलिमीटर जाडीची त्वचा. एका वेटोळ्यांतील प्रवाह बदलला कीं शेजारच्या वेटोळ्यांत वीज उपजते, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं लंडन येथें दाखविलें. याच तत्त्वानें १९५७ सालीं पॅरिसमध्यें जूर्नो व एरिएस यांनीं एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूस वीज पोंचविली. १९७८ सालीं मेलबर्न येथें ग्रेम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रांचें यंत्र बसविलें.

नवल हें कीं, एकाच लहरीवरून शक्तीही जाते व निरोपही. बाहेरील यंत्र ध्वनीचे संकेत बनवून ते लहरींतील चढउतारांनीं धाडतें. आंतील यंत्र त्याच लहरींतून वीज घेतें आणि संकेत वाचून, कोणत्या ठिकाणीं किती वीज द्यावयाची तें ठरवितें.

येथें काटकसर फार महत्त्वाची. वाया गेलेली शक्ति उष्णतेच्या रूपानें उरते. शिवाय कानामागील इवलीशी बॅटरी शाळा सुटेपर्यंत पुरावयास हवी. म्हणून दोन्ही वेटोळीं एकाच कंपनसंख्येस जुळविलेलीं असतात. तंबोऱ्याच्या एका स्वरांत लागलेल्या दोन तारांपैकीं एक छेडली असतां दुसरी झंकारते, तसेंच हें. वेटोळीं समोरासमोर राहावींत म्हणून दोहोंकडे लोहचुंबक असतो. अंतर थोडें वाढलें तरी पोंचणारी शक्ति झपाट्यानें घटते, आणि चकती सरकली कीं जग मुकें होतें.

यावरून दोन गोष्टी प्रत्येक घरानें ध्यानांत घ्याव्या. अशा मुलानें ओ दिली नाहीं, तर रागावण्यापूर्वीं त्याची चकती व बॅटरी पाहावी. आणि तान्हें मूल आवाजाकडे वळत नसेल, तर ‘बोलेल सावकाश’ असें म्हणून वडीलधाऱ्यांनीं दिवस काढूं नयेत. तत्काळ कानाची तपासणी करावी. भाषा रुजण्याचीं वर्षें थोडीं असतात, आणि तीं परत येत नाहींत.

आमच्यापुरतें म्हणाल, तर आतां ती मुलगी आली कीं आम्ही प्रथम तिच्या कानामागें पाहतों, मग हांक मारतों.