नितळ पाण्यातील विष

कारखान्याचे सांडपाणी नदीत मिसळले की पाण्याचा रंग बदलतो, मासे मरतात, दुर्गंधी सुटते आणि लोक तक्रार घेऊन कचेरीत जातात. शेतातून झिरपणाऱ्या खताचे तसे नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. विहिरीचे पाणी नितळ दिसते, म्हणून ते शुद्ध मानले जाते. ग्रामीण भागाची खरी फसगत या नितळपणात आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के भूजल नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या विहित मर्यादेहून अधिक आढळले. महाराष्ट्रात ते ३५ टक्क्यांच्या वर गेले. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत आहेत. हा प्रश्न केवळ पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या पट्ट्याचा नाही, हे या नावांवरूनच उघड होते.

त्याची कारणमीमांसा अवघड नाही. युरियातील नत्राचे जमिनीतील जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पिकाने घेऊन उरलेला भाग मातीचे कण धरून ठेवू शकत नाहीत. पावसाबरोबर तो खाली उतरतो आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीला मिळतो. उकिरडे आणि शोषखड्डे यांतूनही नायट्रेट येते, हे नाकारता येणार नाही. किंबहुना, दोष खताचा की सांडपाण्याचा, हे ठरविण्यासाठीच नियमित मोजमाप हवे.

अशा पाण्याचा पहिला बळी तान्हे मूल ठरते. विहिरीच्या पाण्यात कालविलेले दूध पाजलेल्या अर्भकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळे पडते, हे अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते. ब्लीचिंग पावडरीचाही येथे उपयोग नाही.

वर्षातून एकदा पुरे काय?

जल जीवन मिशनच्या नियमानुसार पाण्याच्या स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हावयाची असते. खडकातून येणाऱ्या फ्लोराइडसाठी ही रीत एक वेळ चालेल. नायट्रेट मात्र पावसाच्या आणि खताच्या पाळीबरोबर चढते-उतरते. उन्हाळ्यात घेतलेला निर्दोष नमुना पावसाळ्यानंतरच्या पाण्याची ग्वाही देऊ शकत नाही. शिवाय, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याची यंत्रणा सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी उभी असते. शेताला तसे तोंड नसते. म्हणून तपासणीचे एकक एकटी विहीर न राहता संपूर्ण पाणलोट क्षेत्र असले पाहिजे. पेरणीपूर्वी, पहिल्या मोठ्या पावसानंतर, पावसाळा सरल्यावर आणि रब्बीच्या अखेरीस त्याच विहिरींचे व ओढ्याच्या तोंडाचे नमुने घेतले गेले, तरच चित्र स्पष्ट होईल.

तथापि, केवळ मोजून भागत नाही. आयोवातीलच डे मॉइन शहराच्या जलपुरवठा संस्थेने नदीतील नायट्रेटची नोंद काटेकोरपणे ठेवली आणि ते काढून टाकण्यासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून खर्चिक यंत्रणा चालविली. वरच्या भागातील तीन कौंटींवर तिने २०१५ मध्ये लावलेला दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात तर नायट्रेटच्या वाढीमुळे त्या परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. आकडा शहरापाशी आणि खत शेतापाशी राहिले, तर मोजमापाचे मोल एवढेच उरते.

महाराष्ट्राने हे टाळावे. साधने नाहीत असे नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून कार्यरत आहे. गावोगावच्या महिलांना चाचणी पेटी वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. माध्यमिक शाळांत विज्ञानाचे शिक्षक आहेत. पेटीने संशय दाखवावा, प्रयोगशाळेने खात्री करावी आणि आकडा दप्तरात न निजता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. तोच आकडा कृषी खात्याच्या हाती पडला, तर युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने व माती परीक्षणानुसार देण्याच्या सल्ल्याला वजन येईल. वाया जाणारे नत्र शेतकऱ्याच्याच पैशाचे असते. ते वाचविण्यात त्याचे हित आहे. आपल्या विहिरीचा आकडा विचारण्याची सवय गावाला लागणे, ही त्याची पहिली पायरी होय.