शेवटचा माहीत असलेला पत्ता

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, ओळखीच्या एका घरी, ते पाकीट मी पहिल्यांदा पाहिलं. पांढरं, खिडकीचं, कोपऱ्यात कुठल्याशा अनोळखी कंपनीचं नाव. क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींच्या ढिगात पडलेलं. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली होती. बायकोला रोज इन्सुलिन लागतं. औषधाच्या दुकानात ‘तुमचा विमा बंद आहे’ असं सांगून तिच्याकडून पूर्ण पैसे घेतले होते. विमा पुढे चालू ठेवायचा हक्क त्यांना होता आणि तो कसा बजावायचा हे त्या पाकिटातच लिहिलं होतं. पण ते जुन्या घरी जाऊन, तिथून फिरत, उशिरा पोचलेलं. अशी पाकिटं निघतात कुठून, ते मला बघायचं होतं.

पुष्कळ कंपन्या हे काम बाहेर देतात. मी गेले ते ऑफिस अशाच एका ठेकेदार कंपनीचं. आत शिरताच प्रिंटरच्या तापलेल्या शाईचा आणि कागदाचा वास आला. तिथे काम करणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या. कुणाचंही नाव किंवा पत्ता मला दिसणार नाही, अशी खुर्ची त्यांनी आधी फिरवून ठेवली आणि मग बोलायला लागल्या.

“चव्वेचाळीस हा आकडा लक्षात ठेवा,” त्या म्हणाल्या. “नोकरी गेल्याचं कंपनीनं आम्हाला तीस दिवसांत कळवायचं. आम्ही पुढच्या चौदा दिवसांत पत्र टाकायचं. झाले चव्वेचाळीस.”

विमा चालू ठेवायचा हक्क देणाऱ्या या कायद्याला तिकडे सगळे ‘कोब्रा’च म्हणतात. रोनाल्ड रेगन यांनी एप्रिल १९८६ मध्ये त्यावर सही केली. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो लागू आहे. नोकरी गेली तरी त्याच गटविम्यात साधारणपणे १८ महिने राहता येतं. मात्र कंपनी आपला वाटा भरणं थांबवते आणि सगळा हप्ता माणसावर येतो, वर २ टक्क्यांपर्यंत कारकुनी खर्च. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०२४ च्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर निघाला. त्यात २ टक्के मिळवून बाराने भागलं तर महिन्याला सुमारे २,१७४ डॉलर होतात. पगार थांबलेल्या घरात हा आकडा वाचला की लोक पत्र मिटून ठेवतात.

छपाई, घडी, पाकीट हे सगळं यंत्र करतं. ताई करतात ते काम पत्त्याचं. कंपन्यांच्या पगारपत्रकातून याद्या येतात आणि त्यात पत्त्याची दुसरी ओळ पुष्कळदा गळते. दुसऱ्या ओळीत असतो अपार्टमेंट नंबर. इमारतीचा क्रमांक आणि रस्ता बरोबर, पण तीनशे घरांच्या संकुलात पाकीट कुणाच्या पेटीत टाकायचं? ताई एकेक पत्ता ओठांतल्या ओठांत वाचतात आणि शंका आली की कंपनीला फोन लावतात. मी होते तेवढ्या वेळात एका नंबरासाठी त्यांनी दोनदा फोन केला. हे त्यांना कुणी करायला सांगितलेलं नाही. कायदा एवढंच बघतो की पत्र प्रामाणिक हेतूनं, शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर, साध्या टपालानं पाठवलं. नवरा-बायको एकाच पत्त्यावर राहत असतील तर दोघांच्या नावे एकच पाकीट चालतं. पोस्टाच्या खिडकीवर पाठवल्याचा दाखला मिळतो, त्यावर शिक्का बसतो आणि तो जपून फायलीला लागतो. पत्र हातात पडलं की नाही, हे त्या दाखल्यावरून कळत नाही. पाठवणाऱ्याचं कर्तव्य तिथे पुरं होतं आणि घेणाऱ्याचे दिवस मोजले जायला लागतात. मला हे अन्यायाचं वाटतं. नोकरी जाते तेव्हाच माणसं घर बदलतात, भाडं परवडेल तिथे जातात.

ते दिवस साठ. पत्राची तारीख किंवा विमा संपल्याची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिथपासून. एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या मुलांना दुसरेही साठ दिवस माहीत असतात. नोकरी सुटल्यावर देशात राहायला मिळणारी मुदत जास्तीत जास्त तेवढीच. दोन्ही साठ एकच समजून काहीजण घाबरून हक्क सोडतात. व्हिसाची मुदत नोकरी सुटल्या दिवसापासून धावते, पत्र मात्र कायद्यानंच चव्वेचाळिसाव्या दिवशी टाकता येतं. म्हणजे पत्र निघेपर्यंत हातात सोळा दिवस उरलेले असू शकतात. मधल्या काळात पोट दुखलं तरी माणूस डॉक्टरकडे जात नाही. खरं तर साठ दिवसांत होकार कळवला आणि त्यानंतरच्या ४५ दिवसांत पहिला हप्ता भरला, तर विमा बंद पडल्या दिवसापासूनच पुन्हा लागू होतो आणि भरलेली बिलं मागता येतात.

पत्र चुकवलं तर न्यायालय कंपनीला दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी कोर्टात जावं लागतं.

“चव्वेचाळीस ही शेवटची तारीख आहे,” ताई म्हणाल्या. “पहिल्या दिवशी यादी पाठवायला कुणाची बंदी नाही. पाठवणारे आहेतही. त्यांच्या माणसांची पत्रं मी त्याच आठवड्यात काढते.”

पत्रात एक वाक्य असतं, ते ठळक छापावं असं त्यांना फार वाटतं. नवरा, बायको, मुलं, प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र आहे. घरातल्या आजारी माणसापुरताच विमा घेता येतो. त्याच पाहणीतला एकट्याचा सरासरी हप्ता धरला तर महिन्याला सुमारे ७६१ डॉलर पडतात, २,१७४ नव्हे. पण मजकुराला हात लावायची त्यांना परवानगी नाही आणि फोनवर सल्लाही देता येत नाही. पत्रातलं वाचून दाखवता येतं.

म्हणून त्या वाचून दाखवतात. मी असतानाच एक फोन आला. हप्त्याचा आकडा ऐकून पलीकडचा माणूस ठेवूनच देणार होता. ताईंनी त्याला पत्र हातात घ्यायला सांगितलं, ते वाक्य इंग्रजीत सावकाश वाचलं आणि ‘प्रत्येक’ या शब्दावर पुन्हा एकदा आल्या. मग त्याने काहीतरी विचारलं.

“येस,” ताई म्हणाल्या, “ओन्ली युवर वाइफ. यू कॅन.”