सहशिक्षकांशी अप्रिय बोलण्याचा प्रसंग

पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर लहान पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० हून अधिक असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळावयाचा. ६० पर्यंत पट असल्यास शिक्षक दोन. त्यांतील ज्येष्ठाकडे कार्यभार येतो. म्हणजे ज्यास दोन शब्द ऐकवावयाचे, त्याच्याच शेजारी बसून डबा खावयाचा व त्याच्याच बरोबर परतीची एस.टी. धरावयाची! यामुळे कित्येक मुख्याध्यापक महिनोन् महिने मौन धरतात आणि एके दिवशी मुलांदेखत भडका उडतो. सायंकाळपर्यंत ती वार्ता पारावर पोचलेली असते.

शिक्षा करण्याचा अधिकार मुख्याध्यापकास नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४ अन्वये तो वरिष्ठांचा आहे. मुख्याध्यापकाच्या हाती बोलणे, नोंद ठेवणे व कळविणे एवढेच.

नेहमीचे उदाहरण घेऊ. एक गुरुजी वरचेवर परिपाठ संपल्यावर येतात. "तुम्ही नेहमीच उशिरा येता," असे म्हटले की "नेहमी कुठे? सोमवारी वेळेवर होतो," हे उत्तर ठरलेले; आणि वाद सोमवारवरच संपतो. त्यापेक्षा तीन दिवसांच्या तारखा व वेळा टिपून ठेवाव्या. शाळा सुटून मुले घरी गेल्यावर, गाडीस अवधी आहे असे पाहून बसावे. "गुरुजी, या तीन दिवशी तुमचा वर्ग मला माझ्या वर्गात बसवावा लागला. अडचण काय आहे?" एवढे विचारून थांबावे. हे थांबणेच फार कठीण. आपणां मास्तरमंडळींस प्रश्न विचारून उत्तरही आपणच देण्याची सवय जडलेली असते.

गाडीची वेळ बदललेली असेल, घरी आजारपण असेल. कारण खरे असले तरी मुलांचे नुकसान होते, हे सौम्य परंतु स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. नियमित व वेळेवर येणे हे वरील अधिनियमाच्या कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. उपाय त्यांच्याच तोंडून निघू द्यावा, पंधरा दिवसांनंतरची तारीख ठरवावी व त्या दिवशी पुन्हा बसावे. सुधारणा दिसल्यास तीही बोलून दाखवावी. या बाबतीत आपण फार कृपण असतो. न दिसल्यास लेखी खुलासा मागावा व केंद्रप्रमुखांस कळवावे, पण गुरुजींस तसे आधी सांगून. पाठीमागून केलेल्या अर्जाने दोन शिक्षकी शाळा कायमची दुभंगते.

मात्र सर्वच गोष्टी बोलून मिटवावयाच्या नसतात. मुलांस शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देणे कलम १७ ने निषिद्ध आहे. अशा तक्रारीत केवळ तोंडी समज देऊन प्रकरण दाबू नये, त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. लैंगिक अपराधाची बाब असेल तर २०१२ च्या बालकसंरक्षण अधिनियमानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. अपराध हाताखालील व्यक्तीचा असून संस्थेच्या प्रमुखाने तो कळविला नाही, तर त्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. तेथे गावच्या प्रतिष्ठितांची मध्यस्थी नको, सहकाऱ्याच्या संसाराची दयाही नको. खरेखोटे करण्यासाठी मुलास पुनःपुन्हा प्रश्न विचारीत बसू नये; तो तपास पोलिसांचा आहे.