‘कणा मोडणे’ : एक अर्थविचार

‘कणा मोडणे’ हा मराठीतील वाक्प्रचार सर्वनाशाचा वाचक आहे. त्यामुळे अपघातानंतर हेच शब्द कानी पडले, की रुग्णाचे आप्त आशा सोडतात. शस्त्रवैद्यकातील अर्थ मात्र निराळा आहे. कणा ही एक अस्थी नव्हे. मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ सुटे मणके आणि त्यांखालील त्रिकास्थी व माकडहाड यांची ती मालिका होय. एकाच आघातात परस्परांपासून दूरचे मणकेही भंगू शकतात. म्हणून एक भंग आढळताच संपूर्ण कणा तपासणे इष्ट असते.

खरे प्रश्न दोन : मज्जारज्जू शाबूत आहे काय, आणि भंग स्थिर आहे काय? स्थिर भंग पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सांधतात. अस्थिर भंगास बहुधा स्क्रूंचा आधार देतात. मणक्याची मागील कमान पुढील पिंडाशी दोन आखूड अस्थिखंडांनी जोडलेली असते. त्यांस ‘पेडिकल’ म्हणतात. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘छोटा पाय’. आपण ‘वृंतक’ म्हणू. पॅरिसचे शल्यविशारद रॉय-कामिय यांनी १९६३ पासून वृंतकातून पिंडात स्क्रू बसवून ते धातूच्या पट्टीस जोडले. आज बहुधा सळ्या वापरतात. भंगाच्या वरील व खालील मणके असे जखडले, की मधला भाग स्थिरावतो.

वृंतकाच्या आतील बाजूस मज्जामार्ग लगतच असल्याने स्क्रूची दिशा किंचितही चुकून चालत नाही. शिवाय स्क्रू अस्थीस आधार देतो. दुखावलेला रज्जू तो बरा करीत नाही. तेव्हा आप्तांस ‘कणा मोडला’ एवढेच न सांगता कोणता मणका, किती स्थिर व रज्जूची अवस्था काय, हे सांगावे. एकवचनी शब्दाने झाकलेली आशा त्यानेच उघड होते.