मेंदूतली खरखर आणि मानेचा झटका

माझा भाचा दुसरीत असतानाची गोष्ट. जेवायला बसला की डोळे मिचकावायचा, मान डावीकडे झटकायचा, मध्येच घसा खाकरायचा. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. वडील दर झटक्याला ‘पुन्हा केलंस!’ म्हणून दटावू लागले आणि झटके आणखी वाढले. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्यांत काही दोष सापडला नाही. अखेर लहान मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याच्याशी शाळेच्या गप्पा मारता मारता त्याचं निरीक्षण केलं आणि नाव सांगितलं : टिक.

पहिला गैरसमज आमच्याच घरातला : ही वाईट खोड आहे, दटावलं की जाईल. ‘शाळेत करत नाही, म्हणजे घरी मुद्दाम करतो’ हा पुरावाही तयार होता. टिक थोडा वेळ दाबून धरता येते, हे खरंच आहे. पण त्यासाठी सगळं लक्ष खर्ची पडतं. भाचा म्हणाला होता, “मानेत काहीतरी अडकल्यासारखं होतं, झटकलं की जातं.” टिक येण्याआधीची ही बेचैनी अनेक रुग्णांना जाणवते. वर्गात पाच तास ती सोसून आलेलं मूल घरी, आपल्या माणसांत, मोकळं होतं. त्यालाच आपण नाटक म्हणत होतो.

‘मुद्दाम’ या आरोपाची तपासणी प्रयोगशाळेतही झाली आहे. आपण स्वतःहून हात हलवतो त्याच्या साधारण सेकंदभर आधी ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात, एक संथ चढत जाणारी लहर दिसते. १९८१ मध्ये ओबेसो, रॉथवेल आणि मार्सडेन या संशोधकांनी टुरेट या टिकच्या विकाराच्या सहा रुग्णांच्या नोंदी घेतल्या. आपोआप आलेल्या टिकआधी ही लहर नव्हती. त्याच रुग्णांनी त्याच टिकची नक्कल केली, तेव्हा ती उमटली. पुढच्या अभ्यासांत काही रुग्णांमध्ये खऱ्या टिकआधीही लहर आढळली, म्हणजे ‘मुद्दाम’ आणि ‘आपोआप’ यांच्यातली रेघ पुसटच आहे. पण पोरावर खोटेपणाचा शिक्का मारावा असं त्यात काहीच नाही.

दुसरा गैरसमज सुशिक्षित घरांत जास्त : मेंदू एरवी शांत असतो आणि टिक आली की आत शॉर्टसर्किट होतं. मेंदू शांत कधीच नसतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. कठीण गणित घातलं तरी हा खर्च जेमतेम पाच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बहुतेक ऊर्जा जाते ती पार्श्वभूमीवर अखंड चाललेल्या कामात. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर ऐकू यायची, तशी मज्जापेशींची एक अनियमित कुजबुज सतत चालू असते. ईईजीतल्या ठरावीक तालाच्या लहरींखाली ती मोजता येते. शास्त्रज्ञ तिला ‘न्यूरल नॉइज’ म्हणतात.

म्युन्चाउ, बेस्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक कल्पना मांडली : टिक आणि तिच्याआधीची बेचैनी यांचं मूळ या खरखरीत, आणि मेंदू तिच्याशी कसं जुळवून घेतो यात असू शकतं. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती अडवायची, या निवडीत मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो. टिकमध्ये नको असलेली हालचाल तिथून निसटते, असं मानलं जातं. खरखरीची कल्पना अजून सिद्ध झालेली नाही, पण मला ती मोलाची वाटते. तिच्यात टिकवाल्या मुलाचा मेंदू परका राहत नाही. ही खरखर तुमच्या-माझ्या डोक्यातही आहे.

‘मेंदूत गोंगाट’ म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, म्हणून स्पष्ट सांगते : याचा अर्थ बुद्धी कमी असा नाही. ईईजी काढून टिकचं निदानही होत नाही. ते होतं मुलाला बघून आणि घरच्यांचं ऐकून.

टुरेट म्हणजे तोंडातून शिव्या, हा समज सिनेमांनी पसरवला. प्रत्यक्षात असं दहा-पंधरा टक्के रुग्णांतच होतं. आणि जन्मभराची शिक्षा? टिक बहुधा पाच-सहाव्या वर्षी सुरू होतात, दहा ते बारा वर्षांच्या वयात जोर धरतात आणि पुष्कळ मुलांत विशीपर्यंत बऱ्याच ओसरतात.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. औषधं आहेत, पण प्रत्येकाला ती लागतात असं नाही. बेचैनी ओळखून टिकच्या आड येणारी हालचाल करायला शिकवणारी पद्धत अझरिन आणि नन यांनी १९७३ मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेल्या उपचाराची चाचणी २०१० मध्ये १२६ मुलांवर झाली. निम्म्याहून अधिक मुलांना लक्षणीय फायदा झाला. नुसतं समुपदेशन आणि धीर मिळालेल्या गटात तो पाचातल्या एकालाही झाला नव्हता.

भाचा आता मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित खाली ओढून धरतो आणि हळू श्वास सोडतो. कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं, की वडील त्याच्या ताटात कोशिंबीर वाढतात आणि मॅचचा स्कोअर विचारतात.