पोवळ्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद

अंगठीतलं पोवळं हा खडा नव्हे, प्राण्याचा सांगाडा आहे. मग जिवंत प्राणी दिसतो तरी कसा? त्याचे जातभाई, म्हणजे दगडी प्रवाळ, बघायचे तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारावी लागते. मुळशीकरांना मात्र जवळची वाट आहे. पौड-ताम्हिणीकडचं एखादं स्वच्छ, संथ तळं गाठा. पाणवनस्पतीच्या दोन काड्या पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्या, बरणी खिडकीत ठेवा आणि हलवू नका. नशीब असेल तर दोन-तीन तासांनी काडीला दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी लोंबताना दिसेल. भिंग लावा. जेमतेम सेंटिमीटरभर नळी, टोकाला तोंड, भोवती पाच-सहा शुंडके. हा हायड्रा. एखादी पाणपिसू शुंडकाला टेकली की दंशपेशींतून विषारी धागे सुटतात, पिसू जागीच गार होते आणि तोंडात जाते. न पचलेलं त्याच तोंडातून बाहेर. दुसरी वाटच नाही.

प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, साधारण असाच. फरक आहे तो संसारात. हायड्राच्या अंगावर अंकुर फुटतो, वाढतो आणि पिल्लू सुटून आपल्या वाटेनं जातं. प्रवाळाची पिल्लं घर सोडत नाहीत. शेकडो-हजारोंचं एकत्र कुटुंब, अंगाला अंग जोडलेलं. एकानं खाल्लेलं शेजाऱ्यालाही पोचतं. शिवाय दगडी प्रवाळात प्रत्येक जण बुडाखाली चुनखडीची वाटी बांधत राहतो.

या बांधकामाचा खर्च बराचसा भाडेकरू उचलतो. पॉलिपच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हात साखर बनवतं आणि बहुतेक घरमालकालाच देतं. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभरानं जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. हिरव्या हायड्राच्या पेशींतही शैवालच राहतं, जात तेवढी वेगळी. (अंगठीतल्या तांबड्या पोवळ्याला मात्र असा भाडेकरू नसतो.)

या गोतावळ्याचा पुण्याशी जुना संबंध आहे. मालवणला जन्मलेले शास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांना सह्याद्रीत याच गोतावळ्यातला, गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर ही प्रजाती आफ्रिकेतलीच समजली जाई. १९१२ मध्ये हा शोध 'नेचर'मध्ये छापून आला. पुण्यात त्यांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेत पुण्याच्याच हायड्रावर संशोधन झालं आहे.

तुमचा हायड्रा पाहून झाला, की बरणी त्याच तळ्यात रिकामी करा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात तो टिकत नाही.