आवडतं ऑइल मिळेनासं झालं तर
लेखमाला : गाडीच्या पोटात – लेखांक ९

मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात स्पेअर पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ थांबलं, की एक संवाद हमखास कानावर पडतो. ‘दादा, आपलं ते नेहमीचं फुल्ली सिंथेटिक द्या.’ ‘ते आता येत नाही साहेब. हे न्या, सेम आहे.’ गिऱ्हाईक डबा फिरवून किंमत बघतो, जरा घुटमळतो आणि घेऊन जातो. मागच्या आठवड्यात फिल्टर पाहिला. आज या ‘सेम’ची शहानिशा करायची आहे, कारण चुकीचं ऑइल पडलं तर इंजिन लगेच बोलत नाही. बोलतं तेव्हा खर्च मोठा असतो.

आवडतं ऑइल बाजारातून जाण्याची कारणं बरीच असतात. कंपनी एखादी ग्रेड बंद करते, वितरक बदलतो, कधी कच्चा मालच लांबून येत असतो. शेलच्या हेलिक्स अल्ट्राचं मूळ तेल कतारमधल्या रास लफानच्या पर्ल प्रकल्पात नैसर्गिक वायूपासून बनतं. इतक्या लांबच्या साखळीत कुठेही गाठ बसली, तर तिचा ताण इथल्या कपाटापर्यंत पोचतो.

पण नाव टिकलं म्हणून आतलं तेलही तेच राहतं असं नाही, आणि माझ्या मते पर्याय शोधणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या ‘सिंटेक’ या सिंथेटिक ऑइलचं मूळ तेल बदललं. आधी ते रसायनांतून रेणू जुळवून तयार केलेलं पीएओ, म्हणजे ग्रुप चारचं तेल होतं. त्याजागी कच्च्या तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळवलेलं ग्रुप तीनचं तेल आलं. डब्यावरचं नाव तेच राहिलं. प्रतिस्पर्धी मोबिलने जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली. १९९९मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला : ग्रुप तीनलाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून ‘फुल्ली सिंथेटिक’ हे शब्द ऑइल कशापासून बनलंय हे नेमकं सांगत नाहीत. चांगलं ग्रुप तीनचं ऑइल उत्तम चालतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण डब्याच्या पुढच्या बाजूवर विसंबून निवड करता येत नाही.

म्हणून पर्याय शोधताना जुन्या ऑइलचं जुळं भावंड शोधत बसू नका. गाडीचं मॅन्युअल उघडा आणि इंजिनाची मागणी काय आहे ते बघा. चाकणला तयार झालेल्या आणि २०२२मध्ये बंद झालेल्या पोलोचं उदाहरण घेऊ. तिच्या १.२ पेट्रोल इंजिनाला फोक्सवॅगनची ५०२ ०० ही मान्यता असलेलं ऑइल लागतं. समजा तुम्ही आजवर हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० टाकत होतात आणि आता समोर मोबिल वन ०डब्ल्यू-४० आहे. दोन्हींच्या मागच्या बाजूला ५०२ ०० असेल, तर कंपनी वेगळी, आकडाही वेगळा, तरी पर्याय चोख आहे. डबा हातात घेऊन तो आकडा स्वतः वाचायचा, एवढं मात्र करायलाच हवं, कारण एकाच नावाचं ऑइल देशागणिक वेगळं असू शकतं.

मग पहिला आकडा ५ऐवजी ० असल्याने फरक पडत नाही का? डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५वर. मारुंजीत डिसेंबरच्या एखाद्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर उतरतो, तेवढ्या थंडीत हा फरक नगण्य आहे. महत्त्वाचा आहे तो दुसरा आकडा. ४० म्हणजे शंभर अंशांवर ऑइलचा घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये. ३०साठी ९.३ ते १२.५, आणि २०साठी ६.९ ते ९.३. बेअरिंग आणि क्रँकच्या मधला पापुद्रा किती जाड राहणार, हे बऱ्याच अंशी इथे ठरतं. ‘पातळ ऑइल टाका, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला ज्या इंजिनाची घडणच पातळ ऑइलसाठी झाली आहे, त्यालाच लागू होतो. फोक्सवॅगनचंच ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० ऑइल बघा. नवीन आकडा, नवीन ऑइल, म्हणून कुणी ते जुन्या पोलोत ओतलं तर ती सुधारणा होत नाही, तो धोका आहे. ते ओळखू यावं म्हणून त्याला हिरवट रंगही दिलेला असतो.

आता डिझेलवाले. पिंपरीत बनणाऱ्या हॅरिअर-सफारीचं दोन लिटरचं इंजिन रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून येतं. एप्रिल २०२०पासून बीएस-सहा लागू झाल्यावर अशा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी आली. काजळी तापवून जाळता येते. पण ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्ताची राख जळत नाही, ती जाळीत साठत जाते. म्हणून तिथे कमी राखेचं, एसीईए या युरोपीय मानकाच्या ‘सी’ वर्गातलं ऑइल लागतं. सी२ आणि सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, त्याच मानकाच्या ए३/बी४ वर्गात ती त्याहून जास्त चालते. दोन्ही डबे ५डब्ल्यू-३०चे आणि फुल्ली सिंथेटिकचे असू शकतात. काउंटरवरून ते सेमच दिसतात. जाळीच्या दृष्टीने ते सेम नाहीत, आणि जाळी बदलायची वेळ आली की तो खर्च सर्व्हिसिंगच्या खर्चात बसत नाही.

मारुंजीच्या रहिवाशांनी याला आणखी एक गोष्ट जोडून बघावी. लक्ष्मी चौकातून हिंजवडीच्या शिवाजी चौकाकडे किंवा पुढे माणच्या फेज तीनकडे सकाळी गाडी सरकते, धावत नाही. जाळी साफ व्हायला गाडी सलग आणि तापून चालावी लागते. इथे साफसफाई सुरू होते आणि अर्ध्यात तुटते. त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली की लोक खूश होतात, गाडी ऑइल खात नाही म्हणतात. खरं तर ऑइल पातळ झालेलं असतं. अशा गाडीला कितीही भारी पर्याय दिला तरी उपयोग नाही. ऑइल लवकर बदलायचं आणि आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊन पळवायची.

किलोमीटरचा हिशेबही इथे फसवतो. दहा हजार किलोमीटर ताशी साठच्या सरासरीने झाले, तर इंजिन सुमारे १६७ तास चालतं. तेच ताशी पंधराच्या सरासरीने झाले, तर ६६७ तास. ऑइल दोन्हीकडे ‘दहा हजार’च चाललं, काम मात्र चौपट झालं. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. हिंजवडीचा रोजचा प्रवास त्यात बसतो, असं मी ठामपणे म्हणेन.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय या अमेरिकी मानकाचा वर्ग किमान एसपी असावा. २०२०मध्ये आलेल्या या वर्गात, कमी वेगात जोर देताना पेट्रोल अवेळी पेटू नये यासाठी आणि टायमिंग चेनच्या झिजेसाठी चाचण्या आहेत. मोटरसायकलचा प्रश्न सोपा आहे : क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल घ्या. कारच्या डब्यातलं उरलेलं टाकलंत तर क्लच घसरू शकतो. स्कूटरला सहसा एमबी चालतं.

डब्यामागची वाक्यं वाचताना एका जागी थांबा. ‘अमुक कंपनीची मान्यता’ म्हणजे गाडी बनवणाऱ्याने ते ऑइल तपासून होकार दिला आहे. ‘अमुक मानकाची पूर्तता करते’ किंवा ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ हा ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. दावा खोटाच असतो असं नाही. पण गाडी वॉरंटीत असेल तर मान्यतेचाच डबा घ्या आणि पक्कं बिल जपून ठेवा.

मधेच पातळी उतरली आणि नेहमीचं ऑइल नाही, तर त्याच ग्रेडचं, त्याच वर्गाचं दुसऱ्या कंपनीचं ऑइल वरून घालायला हरकत नाही. एपीआयच्या मान्यताप्राप्त ऑइलनी एकमेकांत नीट मिसळावं, अशी अटच असते. कमी ऑइलवर गाडी पळवणं त्याहून कितीतरी वाईट. पर्यायी ऑइल पडल्यावर काही दिवसांत ते काळं दिसलं, तरी घाबरू नका. आतली घाण ते धरून ठेवतंय, हे त्याचं कामच आहे. लक्ष ठेवायचं ते पातळीकडे, इंजिनाच्या आवाजाकडे आणि ऑइलच्या दिव्याकडे.

शेवटी गॅरेजमधली एक सवय. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा कापून टाका, कारण चांगल्या कंपन्यांचे रिकामे डबे भेसळवाल्यांना हवेच असतात. काढलेलं ऑइल गटारात किंवा ओढ्याला जाऊ देऊ नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाला ते पुनर्प्रक्रियेच्या परवानाधारकाला देतो का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात : कूलंट, आणि त्यात नळाचं पाणी का घालू नये.